वायरने जोडलेल्या पीसीवर नेट स्लो चालतंय? नेमकं कुठे अडलंय ते असं शोधा

वायफाय स्लो असलं की लोक भिंतीला दोष देतात, शेजाऱ्याच्या राऊटरला देतात, पण लॅन केबल थेट पीसीत खोचलेली असताना नेट रडतखडत चालायला लागलं की काय करावं तेच कळत नाही. मग कुणी कंपनीला फोन लावतं, कुणी यूट्यूबवर बघून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलत बसतं, कुणी नेट बूस्टर नावाची सॉफ्टवेअर टाकून पीसीत नवीनच घाण करून ठेवतं. खरं तर वायरीचा प्रॉब्लेम शोधायला वायफायपेक्षा सोपा असतो, कारण इथे रस्ता ठरलेला आहे. पीसीचा पोर्ट, केबल, मध्ये स्विच (एका केबलवरून अनेक यंत्रं जोडणारा छोटा डबा) असेल तर स्विच, राऊटर, फायबरचा डबा आणि त्याच्या पुढे कंपनी. एकेक तुकडा वेगळा काढून तपासला की कुठे अडलंय ते सापडतं. घाईने चार गोष्टी एकदम बदलू नका एवढीच विनंती, नाहीतर नेट सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, कारण घरच्या पीसीवर बहुतेक तेच असतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर मेनू वेगळे, पण तपासायचा क्रम हाच.

आधी आकडे नीट बघा, नाहीतर नसलेला प्रॉब्लेम शोधत बसाल

प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो तेव्हा ते मेगाबिट असतात, मेगाबाइट नाही. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल डाउनलोड करताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात साडेअकराच्या आसपासच दिसणार. ब्राउझरमध्ये ११ दिसतंय म्हणून कंपनीला शिव्या घालणारे भरपूर लोक बघितलेत, त्यांचं नेट एकदम व्यवस्थित असतं.

दुसरं म्हणजे एफयूपी. अनलिमिटेड लिहिलेल्या प्लॅनलासुद्धा बऱ्याचदा महिन्याची मर्यादा असते, बऱ्याच कंपन्यांकडे ती ३३०० जीबी असते तर लोकल केबलवाल्यांच्या प्लॅनमध्ये त्याहून खूपच कमीही असू शकते, आणि ती संपली की स्पीड एकदम एक-दोन एमबीपीएसवर येतो. घरात दोन टीव्ही फोर-केमध्ये चालत असतील आणि पोरं गेम डाउनलोड करत असतील तर महिनाअखेरीला हे होऊ शकतं. कंपनीच्या ॲपमध्ये किती डेटा वापरला ते दिसतं, ते आधी बघून घ्या. तिथेच उत्तर सापडलं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

आता स्पीड टेस्ट. टेस्ट करताना पीसीचं वायफाय बंद ठेवा, व्हीपीएन बंद, बाकीचे टॅब बंद, टॉरेंट आणि गेम लाँचर बंद, घरातल्यांना दोन मिनिटं टीव्ही थांबवायला सांगा. सर्व्हर आपल्या कंपनीचा किंवा जवळच्या शहरातला निवडा. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमाराला एकदा, अशी दोन्ही वेळची टेस्ट घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा, ते शेवटी कामाला येतात. सोबत एक टेस्ट मोबाईलवर, राऊटरच्या अगदी शेजारी उभं राहून, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या. मोबाईलवर प्लॅनचा पूर्ण स्पीड येतोय आणि वायरवर मात्र येत नाहीये, म्हणजे कंपनीची लाइन चांगली आहे आणि घोळ राऊटर ते पीसी याच टप्प्यात आहे. दोन्हीकडे सारखाच कमी येत असेल तर राऊटर किंवा त्याच्या पलीकडचं बघायचं. या एका टेस्टने अर्धं काम होतं.

लिंक स्पीड, सगळ्यात महत्त्वाचा आकडा

पीसी आणि समोरचं यंत्र, म्हणजे राऊटर किंवा स्विच, केबल जोडल्या जोडल्या आपसात ठरवतात की किती वेगाने बोलायचं. याला लिंक स्पीड म्हणतात आणि याचा तुमच्या प्लॅनशी काही संबंध नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा, विंडोज ११ मध्ये तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. नाही सापडलं तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रनमध्ये इंग्रजीत एनसीपीए डॉट सीपीएल टाईप करा, इथरनेटवर डबल क्लिक करा, छोट्या खिडकीत स्पीड समोर दिसेल.

१.० जीबीपीएस असेल तर छान, केबलचा मुख्य प्रश्न मिटला. १००.० एमबीपीएस असेल आणि तुमचा प्लॅन १०० च्या वरचा असेल तर चोर सापडला. आणि १०.० एमबीपीएस दिसत असेल तर बहुधा केबल किंवा पोर्ट खराब आहे (एक अपवाद आहे, पीसी बंद किंवा झोपलेला असताना काही कार्ड मुद्दाम १० वर उतरतात, पण चालू पीसीवर १० दिसणं चांगलं नाही).

स्पीड टेस्टवरूनसुद्धा हे ओळखता येतं. प्लॅन १५०, २०० किंवा ३०० चा आणि पीसीवर दर वेळी ९४ किंवा ९५ च्या आसपासच आकडा अडकतोय, कधी ७० नाही कधी १२० नाही, तर ती लिंक १०० ची आहे हे डोळे मिटून समजा. १०० च्या लिंकवर पूर्ण १०० कधीच मिळत नाहीत कारण प्रत्येक पॅकेटबरोबर, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याबरोबर, पत्ते आणि तपासणीचे बाइट जातात, वायरीवरून १५३८ बाइट गेले की त्यातले साधारण १४६० तुमच्या कामाचे असतात, म्हणून ९५ च्या वर आकडा जात नाही. त्याच हिशोबाने गिगाबिट लिंकवर ९४० च्या आसपास थांबतो. खरोखर गर्दीमुळे स्लो असलेलं नेट वरखाली होतं, आणि लिंकमुळे अडलेलं नेट एकाच आकड्यावर खिळलेलं असतं, हा फरक लक्षात ठेवा.

केबल, बहुतेक वेळा गुन्हेगार हीच

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, कनेक्टरमधले १, २, ३ आणि ६ नंबरचे पिन. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ पैकी एक तार तुटली, गंजली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. दिवा लागतोय, नेट चालतंय, म्हणून केबलवर कुणाचा संशयच जात नाही. प्लॅन ४०-५० चा होता तोपर्यंत हे कधी जाणवलंही नसतं, प्लॅन वाढवला की मग कळतं की पैसे जातायत पण स्पीड येत नाहीये.

तपासायचं कसं? पीसी किंवा लॅपटॉप उचलून राऊटरजवळ न्या आणि राऊटरच्या डब्यात मिळालेली छोटी पॅच कॉर्ड लावा. पीसी हलवता येत नसेल तर राऊटर पीसीजवळ आणा, तेही जमत नसेल तर ओळखीतल्या कुणाची तरी नक्की चालणारी लांब केबल एका संध्याकाळीपुरती मागून आणा. लिंक स्पीड लगेच १ जीबीपीएस झाला तर जुनी केबल दोषी. फक्त ती छोटी कॉर्डसुद्धा बघून घ्या, काही स्वस्त राऊटरबरोबर दोनच जोड्यांच्या, म्हणजे चारच तारांच्या कॉर्ड येतात आणि त्या १०० च्या वर जाऊच शकत नाहीत. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला की आठ रंग आहेत की चार ते दिसतं.

केबलच्या आवरणावर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचा. कॅट ५ई असेल तर १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं, कॅट ६ असेल तर उत्तमच. घरच्या वापराला कॅट ७ किंवा कॅट ८ ची गरज नाही, दुकानदार काहीही सांगो. त्यापेक्षा केबल पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. बाजारात सीसीए नावाची केबल फार खपते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. ती स्वस्त मिळते पण तिचा रोध जास्त असतो, दोन-चार वेळा वाकवली की तार आतल्या आत तुटते, आणि घरभर टाकल्यानंतर वर्षभराने त्रास द्यायला लागते. तार ब्लेडने खरवडून बघितली की आत पांढरट धातू दिसतो. भिंतीतून किंवा पीओपीच्या वरून कायमची केबल टाकणार असाल तर इथे पैसे वाचवू नका, ती परत काढायची म्हणजे भिंत फोडायची.

आता क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला कनेक्टर बसवणं. इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. चिंचवडला ओळखीतल्या एका काकांच्या घरी हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत नवीन केबल टाकली होती, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागत होते, केबल टाकणाऱ्या पोराने ते काकांना दाखवूनही दिलं होतं, आणि तरी पीसीवर नेट कधी १०० वर यायचं कधी मध्येच तुटायचं. कनेक्टर हातात घेतला, खटका खाली आणि केबल आपल्याकडे धरून डावीकडून रंग वाचले तर पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती व्यवस्थित, जोडीला जोडी! पण बरोबर क्रम असा नाहीये. बरोबर क्रम आहे पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर फाकवायची असते आणि निळी मधोमध.

का, तर यंत्र ३ आणि ६ या पिनना एक जोडी समजून सिग्नल पाठवतं. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा त्या सिग्नलसाठी वापरल्या की बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा आवाज (म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला विजेचा गोंधळ) दोघींवर सारखाच पडतो आणि समोरच्या टोकाला तो वजा होतो, पीळ घालण्याचं कारणच हे आहे. सरळ क्रमाने लावलं की एक तार हिरव्या जोडीतली आणि एक निळ्या जोडीतली असा सिग्नल जातो, पिळाचा फायदा संपतो, जोड्या एकमेकींत आवाज मिसळतात आणि पॅकेट खराब होतात. साधा दिव्यांचा टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचते का एवढंच बघतो, त्याला जोड्या चुकल्याचं कळतच नाही. एक-दोन मीटरच्या केबलला हे चालूनही जातं, पंधरा-वीस मीटरला नाही. काकांकडे दोन्ही टोकं कापून बरोबर क्रमाने नवीन कनेक्टर लावले आणि त्याच केबलवर लिंक एक जीबीपीएसला जाऊन तिथेच थांबली, नवीन केबल घ्यायची गरज पडली नाही.

स्वतः क्रिम्प करणार असाल तर पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नका, आणि वरचं जाड आवरण कनेक्टरच्या आतपर्यंत गेलं पाहिजे, नुसत्या रंगीत तारा बाहेर लोंबत असतील तर ते टोक काही महिन्यांत दगा देणार. खटका तुटलेला कनेक्टर तसाच वापरू नका, आत जाताना टिक्क वाजलं नाही तर झाडू मारताना धक्का लागला तरी तो सैल होतो.

बाकी केबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी बघा. दाराच्या फटीत चेपलेली, पलंगाच्या पायाखाली आलेली, खिळ्याने ठोकलेली, उंदराने कुरतडलेली. लाइटच्या वायरी ज्या केसिंग पट्टीत आहेत त्याच पट्टीत लॅन केबलही कोंबलेली असते, ती वेगळी करा, नेटसाठी तर कराच पण शॉक लागण्याच्या दृष्टीनेही दोन्ही एकत्र असणं धोक्याचं आहे. गच्चीवरून किंवा खिडकीबाहेरून येणारी साधी करडी केबल उन्हाने तडकते, मग पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं आणि आतल्या आत वाहत कनेक्टरपर्यंत येतं. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत पिनवर हिरवट थर चढलेला बऱ्याचदा दिसतो. असा कनेक्टर पुसत बसू नका, कापून नवीन लावा.

पोर्ट, स्विच आणि राऊटर

केबल चांगली निघाली आणि तरी लिंक १०० चीच, तर कुठल्यातरी टोकाचा पोर्टच १०० चा आहे का ते बघायचं.

पीसीच्या बाजूला डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडाप्टर्समध्ये कार्डाचं नाव वाचा. रिअलटेकच्या कार्डात जीबीई लिहिलेलं असेल तर ते गिगाबिट, नुसतं एफई लिहिलेलं असेल तर फास्ट इथरनेट, म्हणजे १०० च्या वर जाणारच नाही. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये एफईवालं कार्ड बऱ्याचदा असतं. त्याला उपाय म्हणजे यूएसबी ३ चा गिगाबिट लॅन ॲडाप्टर, पण तो निळ्या किंवा ३.० च्या पोर्टातच लावा, यूएसबी २ मध्ये लावलात तर गिगाबिटचा पूर्ण वेग मिळणार नाही. आणि घेताना खोक्यावर १०/१००/१००० लिहिलंय का ते बघा, नुसतं १०/१०० असेल तर पैसे वाया.

राऊटरचंही तेच. खोक्यावर मोठ्या अक्षरात एसी१२०० लिहिलेलं असतं आणि मागचे लॅन पोर्ट मात्र १०/१०० चे, असे राऊटर खूप विकले गेलेत. १२०० हा आकडा वायफायच्या दोन्ही बँडची बेरीज आहे, वायरच्या पोर्टाशी त्याचा संबंध नाही. त्यातही वॅनचा पोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारी केबल लागते तो, १०० चा असेल तर वायफायवरसुद्धा १०० च्या वर काही येणार नाही, म्हणून मोबाईलची टेस्टही ९० लाच अडकलेली दिसते आणि लोक कंपनीला फोन करत राहतात.

फायबरच्या डब्यात, म्हणजे ओएनयू किंवा ओएनटीमध्ये, एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. काही डब्यांना चार लॅन पोर्ट असतात पण त्यातला एकच गिगाबिट असतो, बाकी तीन १०० चे. गिगाबिटचा बहुतेक पहिला असतो, कधी त्यावर जीई लिहिलेलं असतं, कधी पोर्टचा रंग वेगळा असतो, कधी काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे पीसीची केबल एकेका पोर्टात लावून दर वेळी लिंक स्पीड बघा. फुकटात होणारा हा इलाज आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा लागू पडतो.

मध्ये छोटा पाच पोर्टचा स्विच असेल तर तो थोडा वेळ काढून टाका आणि थेट जोडून बघा. जुना १०० चा स्विच सगळ्यांना १०० वर आणतो. आणि एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये गेलेली नाहीत ना ते बघा, तसं झालं तर साधा स्विच तेच तेच पॅकेट गोल गोल फिरवत बसतो आणि घरातलं सगळं नेट गुदमरतं, सगळे दिवे एकत्र भराभर लुकलुकताना दिसतात.

मे-जूनमधल्या विजांनंतर अचानक स्लो झालं असेल तर पोर्ट अर्धवट जळालाय का हा संशय आधी घ्या. सगळा पोर्ट मरत नाही, कधी एकच जोडी जाते आणि लिंक १०० किंवा १० वर येते. दुसऱ्या पोर्टात लावून बघितलं की कळतं. बाहेरून तांब्याची केबल येत असेल तर गडगडाट सुरू झाला की ती राऊटरमधून काढून ठेवायची सवय लावा, फायबर येत असेल तर तिकडून वीज येत नाही पण पॉवर ॲडाप्टरकडून येऊ शकते.

लिंक १ जीबीपीएस आहे, तरी स्लो

आता पीसीच्या आत बघू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक, ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे स्पीड अँड डुप्लेक्स शोधा. ते ऑटो निगोशिएशनवरच, म्हणजे दोन्ही यंत्रांनी आपसात वेग ठरवण्यावरच, असलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो की १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) सक्तीने लावा, तो ऐकू नका. एका टोकाला सक्ती आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असं झालं की ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं) धरून बसतं, मग दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात, पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ) चांगला दिसतो पण मोठी फाइल घेतली की स्पीड कोसळतो. आणि तांब्याच्या केबलवर गिगाबिटला ऑटो निगोशिएशन लागतंच, त्याशिवाय ते चालत नाही.

त्याच यादीत एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट असतील तर दोन्ही डिसेबल करून बघा. वीज वाचवायला कार्ड मध्येमध्ये झोपतं आणि काही राऊटरबरोबर त्याचं जमत नाही, मग लिंक सुटते परत जुळते असं चालू राहतं. ड्रायव्हर पीसीच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी तिसरीच सॉफ्टवेअर नकोत.

टास्क मॅनेजर उघडून स्पीड टेस्ट चालू असताना सीपीयू आणि डिस्क किती टक्के दिसतायत ते बघा. जुन्या पीसीत साधी हार्ड डिस्क असेल तर गेम डाउनलोड होताना नेट मोकळं असतं आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असते, कारण लाँचर एकीकडे उतरवतो आणि एकीकडे फाइल सोडवून लिहितो. याला नेटचा इलाज नाही, एसएसडी हा इलाज आहे. ब्राउझरमध्येच स्लो असेल तर इनकॉग्निटो खिडकीत बघा, अँटीव्हायरसचं वेब तपासणारं फीचर दोन मिनिटं बंद करून बघा आणि टेस्ट झाली की लगेच परत चालू करा.

मग गुपचूप नेट खाणारे. टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडतो, त्यात नेटवर्क टॅबमध्ये कोण किती पाठवतंय आणि घेतंय ते ओळीने दिसतं. सेंडचा रकाना नक्की बघा. फोटोंचा बॅकअप क्लाउडवर चढत असेल आणि तुमच्या प्लॅनचा अपलोड कमी असेल तर अपलोड पूर्ण भरतो, आणि मग डाउनलोडही अडखळतं कारण प्रत्येक पॅकेट मिळाल्याची पोच अपलोडमधूनच जायची असते. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, तिथे दुसऱ्या पीसींना अपडेट वाटण्याची सोय असते, ती बंद करून टाका.

पिंगने कुठे अडतंय ते पकडा

कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, स्पेस, राऊटरचा पत्ता, स्पेस, मायनस टी असं इंग्रजीत टाईप करा. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आयपीकॉन्फिग टाईप केलं तर डिफॉल्ट गेटवेसमोर नक्की कोणता ते दिसतं. दुसऱ्या खिडकीत तसंच ८.८.८.८ ला पिंग लावा आणि दोन्ही चालू ठेवून एखादी मोठी फाइल डाउनलोडला टाका.

वायरवरून राऊटरला पिंग एक मिलिसेकंदाच्या आत किंवा फार तर दोन-तीन असला पाहिजे आणि एकही टाइम आउट, म्हणजे उत्तरच न येणं, नको. तिथेच टाइम आउट येत असतील तर प्रॉब्लेम घरातच आहे, परत केबल आणि पोर्टकडे वळा. राऊटरचा पिंग एकदम स्थिर आणि ८.८.८.८ चा मात्र एरवी १० असणारा डाउनलोड सुरू होताच २००-३०० वर जात असेल तर राऊटर किंवा पुढच्या लाइनमध्ये पॅकेटांची रांग लागतीये. राऊटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (कुणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) असेल तर एकूण मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या स्पीडच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा, मीटिंग आणि गेम लगेच सुधारतात. उलट आधीच कुणीतरी तिथे कमी आकडा टाकून ठेवला असेल तर तोच तुमचा स्पीड अडवत असेल, तेही तपासा.

कमांड प्रॉम्प्टमध्येच नेटस्टॅट, स्पेस, मायनस ई दिलं की एरर्सची ओळ येते. तिथे शून्य किंवा अगदी थोडे असावेत. डाउनलोड करता करता तो आकडा वाढत असेल तर केबल सिग्नल खराब करतीये, वर सांगितलेला जोड्यांचा घोळ असेल तर कधी इथेही दिसतो.

डीएनएसबद्दल एवढंच सांगतो की ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्याने साइट उघडायला लागणारा सुरुवातीचा उशीर कमी होऊ शकतो, पण डाउनलोडचा स्पीड वाढत नाही. साइट उघडायला पाच सेकंद आणि उघडली की भरधाव, असं असेल तरच बदला. काही ठरावीक साइटच अर्धवट उघडून अडकत असतील तर राऊटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बघा, यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनला तो १४९२ असतो. विंडोजमधलं नेटवर्क रिसेट सगळ्यात शेवटी वापरा, त्याने व्हीपीएन आणि हाताने टाकलेले आयपी पुसले जातात.

आता कंपनीला फोन करा

राऊटर काढून पीसी थेट फायबरच्या डब्याला जोडून टेस्ट घ्या, त्या डब्यातूनच नेट डायल होत असेल, म्हणजे कनेक्शनचा यूजरनेम-पासवर्ड त्या डब्यातच टाकलेला असेल, तर हे सरळ जमतं. तिथेही लिंक १ जीबीपीएस, केबल चांगली, आणि स्पीड कमी, तर चेंडू कंपनीच्या कोर्टात. डब्याच्या पानावर लॉगिन करता येत असेल तर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक, उणे २७ च्या आसपास गेला असेल तर फायबर कुठेतरी वाकलीये, जोड खराब झालाय किंवा टोक मळलंय. पिवळी बारीक केबल टीव्हीच्या मागे करकचून वळवलेली नाही ना ते स्वतः बघा, पण तिचं टोक डोळ्यासमोर धरून आत बघू नका, तो लेझर दिसत नाही आणि डोळ्याला घातक असतो.

फक्त रात्री आठ ते अकरा स्लो आणि सकाळी फुल स्पीड, असं रोज होत असेल तर तुमच्या भागातली लाइन गर्दीला पुरत नाहीये, त्याला घरात काहीच इलाज नाही. कस्टमर केअरला नेट स्लो आहे असं मोघम सांगितलं की ते राऊटर बंद-चालू करायला सांगतात आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी असं सांगा की वायरवर, डब्याला थेट जोडून, लिंक १ जीबीपीएस असताना २०० च्या प्लॅनवर रात्री इतका आणि सकाळी इतका येतो, स्क्रीनशॉट आहेत. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या आणि लिहून ठेवा. माणूस येऊन गेला तर त्याच्यासमोरच पीसीवर टेस्ट करून दाखवा, त्याच्या मोबाईलवरची टेस्ट मान्य करून सही देऊ नका. तरी सुटलं नाही तर प्रत्येक कंपनीला अपील ॲथॉरिटी ठेवावी लागते, तिचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या साइटवर असतो, तिथे डॉकेट नंबर आणि स्क्रीनशॉट जोडून लेखी अपील टाका.